स्पिरुलिना, क्लोरेला आणि रक्त

स्पिरुलिना आणि क्लोरेला ही पाण्यात वाढणारी सूक्ष्म शेवाळं, ती सुकवून पावडर नाहीतर गोळ्या करून विकतात आणि आपल्याकडे लोक बहुतेक वेळा एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन वाढावं म्हणूनच घेतात. शास्त्राच्या हिशोबाने स्पिरुलिना हे शेवाळ नाहीच, तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर अन्न तयार करणारा जिवाणू, क्लोरेला मात्र अस्सल हिरवं शेवाळ. खाण्याची पद्धत काही नवी नाही, आफ्रिकेत चाड सरोवराजवळ कानेम भागातले लोक स्पिरुलिना गाळून उन्हात वाळवतात, त्याला दिहे म्हणतात, आणि मेक्सिकोत अ‍ॅझटेक लोकही टेक्सकोको तलावातून काढून खायचे.

आता लोहाचं बघू. 100 ग्रॅम सुक्या स्पिरुलिनात साधारण 28 मिलिग्रॅम लोह असतं आणि जाहिरातीत हाच आकडा मिरवतात, पण 100 ग्रॅम खातंय कोण? रोजचे 5 ग्रॅम धरले तर दीड मिलिग्रॅमसुद्धा होत नाही, तेही सगळं अंगी लागेलच असं नाही, आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह सांगितलंय. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम असतं, फुकट. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया म्हणजे रक्ताची कमतरता निघाली होती, म्हणून हा हिशोब महत्त्वाचा.

रक्त तयार व्हायला लागणाऱ्या बी12 व्हिटॅमिनचा घोळ तर अजून मोठा. शाकाहारी माणसाला स्पिरुलिनातून बी12 मिळतं असं सर्रास सांगतात, पण त्यात असतं ते मुख्यतः नकली बी12, जंतू वाढवून मोजायच्या जुन्या टेस्टला ते अस्सल बी12 वाटतं, माणसाच्या शरीराला मात्र उपयोग नाही. क्लोरेलात खरं बी12 सापडतं, पण कुठल्या डब्यात किती याचा भरवसा नसतो.

फायदा अजिबात दिसलेला नाही असंही नाही. 2011 मध्ये अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 40 जणांना 12 आठवडे स्पिरुलिना दिली तेव्हा तांबड्या पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन वाढलं, फक्त तुलनेला प्लासिबोवाला, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी घेणारा गट नव्हता. जपानमध्ये रोज 6 ग्रॅम क्लोरेला घेणाऱ्या गरोदर बायकांत अ‍ॅनिमिया कमी आढळला, पण तोही अभ्यास छोटाच. त्यापेक्षा कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी कमी होण्याचा पुरावा जरा बरा आहे, बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या तरी तो टिकतो. गंमत म्हणजे त्यासाठी कोणी घेत नाही.

रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर क्लोरेला डॉक्टरांना विचारूनच घ्यावी कारण त्यातलं व्हिटॅमिन के गोळीचा असर कमी करतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात अंगात लोह आधीच साठत जातं, म्हणून त्या रुग्णांनीही लोहाच्या नावाखाली स्वतःहून काही सुरू करू नये. उघड्या तलावातून काढलेल्या मालात दुसऱ्या जातीच्या सायनोबॅक्टेरियाचं मायक्रोसिस्टिन हे लिव्हरला घातक विष मिसळलेलं असू शकतं, अमेरिकेत ओरेगॉन राज्यात क्लॅमथ तलावाच्या मालाबाबत हा प्रश्न आल्यावर 1997 मध्ये ग्रॅमला 1 मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातली गेली.