पार्श्वभूमी: ‘तीव्र’ म्हणजे नेमके किती?

‘सायक्लोन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात घडला, सापाच्या वेटोळ्यावरून. आपल्याकडची वादळे मात्र पुढे दीडशे वर्षे बिननावाचीच राहिली; १९९९ मध्ये ओडिशाचा किनारा उद्ध्वस्त करणारे महाचक्रीवादळसुद्धा. नावे देण्याचे २००० मध्ये या भागातल्या देशांच्या मस्कतच्या बैठकीत ठरले आणि २००४ च्या ‘ओनिल’पासून ते अमलात आले. आठ देशांची ६४ नावे मे २०२० मध्ये ‘अम्फान’पाशी संपली. तेरा देशांच्या नव्या यादीतले पहिलेच नाव बांगलादेशाने दिलेले ‘निसर्ग’. ते थेट रायगडात आले.

वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की नाव मिळते. खरा गोंधळ त्याच्या वरच्या पायऱ्यांचा आहे. ८९ पासून ‘तीव्र’, ११८ पासून पुढची पायरी, २२२ पासून महाचक्रीवादळ. यांत १६७ ची आणखी एक पायरी २०१५ मध्ये घातली गेली. इंग्रजीत या मधल्या दोन पायऱ्यांना वेगळी विशेषणे आहेत. मराठी बातम्यांत बहुधा दोन्हीही ‘अतितीव्र’च. २०२१ चे ‘तौक्ते’ यांपैकी वरच्या पायरीवर पोचले होते, पण नुसत्या ‘अतितीव्र’वरून ते कुणाला कळणार?

त्यात मोजणीचा फरक. आपल्याकडे वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी धरतात, अमेरिकेत एका मिनिटाची, आंतरराष्ट्रीय शिफारस दहा मिनिटांची. सरासरीचा काळ जितका कमी, तितका आकडा मोठा. म्हणून भारतीय नोंदीत ‘निसर्ग’ ११८ च्या खाली, म्हणजे ‘तीव्र’ राहिले, तर अमेरिकी मोजणीत ते हरिकेनच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या चक्रीवादळाच्या, पहिल्या श्रेणीत गेले. दोन्ही आकडे आपापल्या रीतीने बरोबरच आहेत. पण बातमीत सरासरी सांगितलीच जात नाही, आणि ती सांगायलाच हवी. नाव मिळालेल्या वादळांच्या पाच पायऱ्यांतली ‘तीव्र’ ही खालून दुसरी. त्याच पायरीवर राहिलेल्या ‘निसर्ग’ने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ पुन्हा धरायला पाच-सात वर्षे जातात.

वेळही थोडा होता. २ जून २०२० च्या दुपारी त्याला नाव मिळाले आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले.