ज्वाळा आणि गोलावरची ज्वाळा

बडोद्याजवळ नंदेसरीला एका गोदामात पाहिलेलं: टोल्युइन या पेटणाऱ्या द्रवाचे ड्रम आणि त्यांना खेटून हायड्रोजन पेरॉक्साइडचे कारबे (मोठे कॅन). स्टोअरवाल्या भाईंना विचारलं, तर म्हणाले, "बेउ आगनां ज छे ने, एटले साथे राख्यां." (दोन्ही आगीचेच ना, म्हणून एकत्र ठेवले.) मांडणी एकदम टापटीप, आणि घोळ तिथेच.

दोन्ही लेबलांवर जीएचएस, म्हणजे रसायनांचे धोके दाखवायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची खूण होती: लाल किनारीचा, टोकावर उभा चौकोन आणि आत काळी ज्वाळा. पण टोल्युइनवरची ज्वाळा नुसती, पेरॉक्साइडवरची एका गोलाच्या डोक्यावर. तो गोल म्हणजे ऑक्सिजनचा 'ओ' असं धरून चाला, मग विसरायला होत नाही.

नुसती ज्वाळा सांगते की हा माल स्वतः पेटतो. टोल्युइनच्या वाफेला ठिणगी मिळाली तर सुमारे 4 अंश सेल्सिअसलाही ती पेट घेते. बडोद्यात एवढी थंडी सहसा पडत नाही, म्हणजे बारा महिने धोका आहेच.

गोलावरची ज्वाळा मात्र ऑक्सिडायझरची. तो बहुधा स्वतः जळत नाही, शेजाऱ्याला जाळायला ऑक्सिजन पुरवतो. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट घ्या. निवांत पडलेलं असतं. त्यावर ग्लिसरिनचे थेंब पडले की काडी न लावता थोड्या वेळात भडका उडतो. (आमच्या आजीच्या कपाटात दोन्ही बाटल्या वर्षानुवर्षं शेजारी होत्या. देवाची कृपा.) 4 ऑगस्ट 2020 रोजी बैरुतच्या बंदरात उडालेलं सुमारे 2,750 टन अमोनियम नायट्रेटही याच जातीचं.

म्हणून आग विझवायची रीतही उलटी. टोल्युइनची आग फोमने किंवा पावडरने झाकून गुदमरवायची. पाण्याचा जोराचा झोत मारला तर टोल्युइन पाण्यावर तरंगत आग पसरवतं. ऑक्सिडायझरला गुदमरवून उपयोग नाही, कारण ऑक्सिजन त्याच्या पोटातच आहे. तिथे भरपूर पाणी लागतं.

सांडलं की कामगार सवयीने लाकडाचा भुसा टाकतात. ऑक्सिडायझरवर भुसा म्हणजे त्याला सरपण देणं. त्यावर कोरडी वाळू टाकावी. कपड्यांवर उडालं तर ते वाळत घालायचे नाहीत, आधी भरपूर पाण्याने धुवायचे.

हायवेवरच्या टँकरवर हा फरक आणखी सोपा: पेटणाऱ्या द्रवाला लाल चौकोन आणि 3 आकडा, ऑक्सिडायझरला पिवळा चौकोन आणि 5.1.

भाईंनी शेवटी विचारलं, "मग हे कारबे ठेवू कुठे?" म्हटलं, वेगळ्या खोलीत, उन्हापासून लांब. आणि ते उचलताना पाहिलं, तर खाली लाकडी पॅलेट.