सॉल्व्हंट टाकीचा परवाना: अर्ज कुठे, कागदपत्रं कोणती आणि व्हेंटचा हिशोब आधी का

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, तळोजा अशा वसाहतींत सॉल्व्हंटची, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणाऱ्या ज्वालाग्राही द्रवाची, नवी टाकी बसवायची ठरली की मालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘परवान्याला किती दिवस लागतील?’ मी उलट विचारतो, ‘व्हेंटचा हिशोब झालाय का?’ व्हेंट म्हणजे टाकीतली हवा-वाफ आत-बाहेर करायची वाट. टाकीतली पेट घेऊ शकणारी वाफ कुठून, किती आणि कशी बाहेर पडणार, हे नकाशावर नीट नसेल तर बाकीची फाईल कितीही जाड असो, ती परत येते. माझ्या हातची पहिली फाईल अशीच परत आली होती. टाकीच्या डोक्यावर मी नुसती एक उभी रेघ काढून शेजारी ‘व्हेंट’ लिहिलं होतं.

आधी परवाना कोणाला लागतो ते पाहू. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातला ‘पेट्रोलियम’ हा शब्द फक्त पेट्रोल-डिझेलपुरता नाही. द्रवरूप हायड्रोकार्बन आणि तो असलेलं ज्वालाग्राही मिश्रण त्यात येतं, म्हणून टोल्युइन, हेक्झेन आणि झायलीनही आले. २००२ च्या नियमांत वर्ग ठरतो तो ज्वलनांकावरून, म्हणजे ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगीने पेट घेते त्यावरून. २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ च्या आत ‘ब’, ६५ ते ९३ च्या आत ‘क’. टोल्युइनचा ज्वलनांक साधारण ४ अंश आणि हेक्झेनचा शून्याच्याही २० अंशांहून खाली, म्हणून दोन्ही ‘अ’ वर्गात. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा त्यांची वाफ पेटायला तयारच असते. परवान्यातून सूट फार थोडी आहे: ‘अ’ वर्गाचा माल ३० लिटरपर्यंत, तोही विक्रीसाठी नसेल तर, ‘ब’ वर्गाचा एकूण २५०० लिटरपर्यंत आणि एकाही भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर. टाकी म्हटली की ही मर्यादा ओलांडलीच समजा. मिथेनॉल, अ‍ॅसिटोन हे हायड्रोकार्बन नाहीत, त्यांना कोणते नियम लागतात ते वेगळं तपासा. व्हेंटची काळजी मात्र त्यांच्याही टाकीला तेवढीच घ्यावी लागते.

आता व्हेंट. तासाला २० हजार लिटर वेगाने टँकर रिकामा केला तर टाकीतून तासाला निदान २० घनमीटर वाफमिश्रित हवा बाहेर पडते. माल पटकन उडणारा असेल तर त्याहून जास्त. माल काढताना तेवढीच हवा आत यावी लागते. हा झाला पंपाचा श्वास. दुसरा श्वास उन्हापावसाचा, आणि कोकणात घात होतो तो इथे. मे महिन्यात दुपारभर तापलेल्या टाकीवर वळवाची सर कोसळली की आतली वाफ काही मिनिटांत आकसते. साधी उभी टाकी पाण्याच्या काही सेंटीमीटर उंचीएवढाच दाब सोसते आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला तर त्याहूनही कमी तग धरते. व्हेंट अपुरा किंवा तुंबलेला असला की टाकी रिकाम्या डब्यासारखी आत चेपते. तिसरा हिशोब आगीचा: शेजारी आग लागली तर आतला द्रव उकळू लागतो, आणि तेवढी वाफ रोजच्या व्हेंटमधून जाऊच शकत नाही. त्यासाठी वेगळी आपत्कालीन सोय दाखवावी लागते. हे तिन्ही आकडे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय २००० या मानकाप्रमाणे काढून, टाकीवार, सही-शिक्क्यानिशी नकाशासोबत जोडा.

नकाशावर व्हेंटचं तोंड कुठे उघडतं हेही दिसलं पाहिजे. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि गटारात, पंपाच्या खड्ड्यात साचते. हवेत तिचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून तोंड शेडच्या आत, खिडकीपाशी, जिन्याजवळ किंवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नको. उघड्या व्हेंटवर न गंजणाऱ्या तारेची जाळी लागते, सेंटीमीटरला किमान ११ घरांची. ‘अ’ वर्गाच्या टाकीला ब्रीदर व्हॉल्व्ह (ठरावीक दाबालाच उघडणारी झडप) आणि फ्लेम अरेस्टर (वाफ जाऊ देणारा पण ज्वाळा अडवणारा भाग) दोन्ही दाखवा. चार टाक्यांचे व्हेंट एका पाइपात घेऊन कंडेन्सरला (वाफ थंड करून द्रव करणारं यंत्र) किंवा स्क्रबरला (वाफ धुणारं यंत्र) जोडत असाल तर प्रत्येक टाकीपाशी पाइपाच्या आत बसणारा योग्य अरेस्टर हवाच. नाहीतर एका टाकीची आग त्याच पाइपातून शेजारणीकडे जाईल. टोकाला बसणारा अरेस्टर पाइपाच्या मधोमध बसवलेला मी पाहिलाय. तो तिथे निरुपयोगी असतो.

अर्ज पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे पेसोकडे, ऑनलाइन जातो. तिचं मुख्यालय नागपूरला आणि पश्चिम विभागाचं कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे. टाकीचं काम सुरू करण्याआधी नकाशांना पूर्वमंजुरी घ्या. आधी बांधून मग मंजुरी मागणाऱ्याला पाडकामाचा खर्च सोसावा लागू शकतो. सोबतच जिल्हाधिकाऱ्यांकडे ना-हरकत प्रमाणपत्रासाठी जागेच्या नकाशाच्या दोन प्रती देऊन अर्ज करा. रायगडवाल्यांना अलिबाग, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी. चौकशीसाठी नियमाने ३ महिन्यांची मुदत आहे. खाडीलगतची जागा असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, कारण त्यावर बाकी सगळं अडतं. टाकी उभी राहिली की सक्षम व्यक्तीकडून चाचणी आणि सुरक्षितता प्रमाणपत्र घ्यायचं, मग नमुना ९ मधला अर्ज, आणि मिळतो तो साठवणूक केंद्राचा नमुना १५ मधला परवाना.

कागदपत्रांत एमआयडीसीचं भूखंड वाटपपत्र किंवा भाडेपट्टा (वसाहतीबाहेर असाल तर सातबारा), कंपनीची नोंदणी आणि अधिकारपत्र, प्रत्येक द्रवाचं सुरक्षा माहितीपत्रक, अंतरं आणि बंधारा (सांडलेला माल अडवणारी टाक्यांभोवतीची भिंत) दाखवणारे नकाशे, व्हेंटचा हिशोब, ज्वालारोधक विद्युत उपकरणांची प्रमाणपत्रं. बंधाऱ्यात निदान सगळ्यात मोठ्या टाकीतला माल मावला पाहिजे. याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना व चालवण्याची संमती, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडची नकाशामंजुरी आणि एमआयडीसी अग्निशमन दलाचा दाखला हे समांतर चालवा. सगळीकडे एकच नकाशा द्या. एका कार्यालयात तीन टाक्या आणि दुसऱ्यात चार दिसल्या की दोन्हीकडे फाईल थांबते. साठा मोठा असेल तर १९८९ च्या घातक रसायन नियमांप्रमाणे जागेची सूचना आणि कारखान्याअंतर्गत आपत्कालीन आराखडाही लागतो.

परवाना हातात आल्यावर व्हेंटची जागा, व्यास किंवा अरेस्टरचा प्रकार बदलायचा झाला तरी पुन्हा पूर्वमंजुरी लागते. मुदत संपते ती ३१ डिसेंबरला, नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी गेला पाहिजे. अग्निसुरक्षेचं नमुना ‘ब’ मधलं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत भरायचं असतं. देखभालीच्या वहीत एक नोंद जोडा: एप्रिलअखेर, वळवाच्या पावसाआधी, प्रत्येक अरेस्टर उतरवून पाहिला. खाऱ्या हवेत त्याच्या आतला पन्हाळीदार पत्रा गंजून भोकं बुजतात, आणि जाळी तुटली असेल तर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते. उतरवताना टाकीतला माल भरणं-काढणं बंद, वाफ मोजायचं यंत्र जवळ, पितळी पाने आणि काम करण्याचा लेखी परवाना.