जेवायला बसलं की जबड्याखाली गाठ

भडंगावर लिंबू पिळलं की सांगलीत कुणाच्याही तोंडाला पाणी सुटतं. एखाद्याच्या मात्र त्याच वेळी जबड्याखाली टणक फुगवटा येतो, ठणका लागतो आणि तासा-दोन तासांत सगळं ओसरतं. मग दाढेवर संशय जातो, नाहीतर गालगुंड समजून लेप लावला जातो. पण गालगुंड काही जेवणाची वेळ बघून येत नाही! घासासरशी येणारी सूज असली, तर लाळेची वाट कुठेतरी अडली आहे का, ते आधी पाहावं.

अडवणारा बहुतेकदा कॅल्शियम फॉस्फेटचा खडा असतो. दहातले आठेक खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. तिची लाळ दाट, त्यात कॅल्शियम जास्त, शिवाय तिची सुमारे ५ सेंटिमीटरची नळी वर चढत जाऊन जिभेखाली उघडते.

पहिली तपासणी सोनोग्राफीच हवी. तरी दोनेक मिलिमीटरचा खडा तीत निसटू शकतो आणि काही खडे एक्स-रेतही उमटत नाहीत. कधी खडा नसतोच. नळी आकसलेली असते किंवा चिकट स्रावाचा बोळा अडकलेला असतो. अशा वेळी आत डोकावणं हाच सरळ मार्ग.

त्यासाठीची दुर्बीण, म्हणजे सायलेंडोस्कोप, साधारण ०.८ ते १.६ मिलिमीटर जाडीची असते. नळीचं तोंड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. म्हणून ते आधी बारीक सळयांनी हळूहळू रुंदावतात, मग सलाईन सोडत दुर्बीण पुढे सरकवतात. निरोगी नळी आतून गुलाबी, चकचकीत दिसते. जुनाट सुजेत ती फिकट पडते. तीनचार मिलिमीटरपर्यंतचा सुटा खडा दिसला, तर इवल्याशा तारेच्या जाळीत धरून तिथेच काढता येतो. मोठा असेल तर लेझरने फोडतात किंवा तोंडातून छेद घेतात. हे तंत्र १९९०च्या दशकात युरोप आणि इस्रायलमध्ये रुळलं. त्याआधी अशा रुग्णांची अनेकदा मानेवर छेद घेऊन अख्खी ग्रंथीच काढत, आणि त्यात खालचा ओठ हलवणाऱ्या नसेला धोका असे. माझ्या मते या दुर्बिणीची खरी कमाई ग्रंथी वाचवण्यात आहे.

पू आणि ताप असताना ती घालत नाहीत; आधी अँटिबायोटिक देऊन संसर्ग आटोक्यात आणतात. आणि जेवणाशी संबंध नसलेली, न ओसरता वाढत जाणारी गाठ असेल, तर दुर्बिणीचा फारसा उपयोग नाही. तिला नळीची आतली बाजू तेवढी दिसते. तिथे सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लागते, तीही लवकर.