जुनाट पाठदुखीवर योग: एका शिफारशीची पार्श्वभूमी

२०१७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करायच्या उपचारांत योगाची शिफारस केली आणि त्यावरून वाद झाला. जुनाट पाठदुखी, मानदुखी किंवा गुडघेदुखीसाठी आसने सुचवण्याची प्रथा आज इतकी रूढ आहे की ती हठयोगाच्या ग्रंथांपासून अखंड चालत आली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात त्या ग्रंथांचा भर जठराग्नी, उदरविकार आणि नाडीशुद्धी (शरीरातील प्राणाचे मार्ग शुद्ध करणे) यांवर आहे. मयूरासनाच्या वर्णनात येतात ते पोटाचे विकार, सांधे नव्हेत. योग प्रयोगशाळेत आला तेव्हाही आरंभ पोटापासूनच झाला. १९२४ मध्ये लोणावळ्यात स्थापन झालेल्या संस्थेच्या सुरुवातीच्या संशोधनात उड्डियान (पोट आत ओढणे) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) या क्रियांमुळे पोटातील दाब कसा बदलतो, याला मोठे स्थान होते.

स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यासाठी आसनांची बारकाईने बांधणी झाली ती प्रामुख्याने पुण्यात. म्हैसूरच्या परंपरेत शिकलेले एक तरुण शिक्षक १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुढे आयुष्यभर तेथेच राहिले. त्यांच्या १९६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या परिशिष्टात विकारांनुसार आसनांची यादी होती आणि तिच्यात सांधेदुखी व कंबरदुखीही होती. तथापि, यादीपेक्षा महत्त्वाची ठरली ती साधने. लोड, पट्टा, लाकडी वीट, घडीची खुर्ची, भिंतीतील हुकांना अडकवलेले दोर यांच्या आधाराने, ज्याला आसन पूर्ण करता येत नाही, त्यालाही त्याचा लाभ मिळू लागला. त्रिकोणासनात हात जमिनीऐवजी विटेवर टेकला की कंबर पिळली न जाता मांडीचा मागचा भाग ताणला जातो. अधोमुख श्वानासनात जांघेशी घेतलेल्या दोरावर शरीराचा भार गेला की हातांवर जोर न येता पाठीचा कणा लांबवता येतो. ज्याचे शरीर दुखते आहे, त्याच्यासाठी हा फरक निर्णायक असतो, कारण चुकीच्या भाराने दुखणे वाढते. साधनांमुळे शरीर परावलंबी होते, असा आक्षेप घेतला गेला. पण वृद्ध आणि आजारी माणसांना योगाचे दार उघडले ते याच पद्धतीने, हे नाकारता येणार नाही.

पाश्चात्त्य संशोधकांनी चाचण्या सुरू केल्या तेव्हा हीच पद्धत त्यांच्या हाताशी होती. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात मनगटातील नस दबण्याच्या विकारावर, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमवर, ४२ जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ११ आसनांचा क्रम आठवड्यातून दोनदा असा ८ आठवडे शिकवला गेला आणि योग करणाऱ्यांच्या हाताची पकड सुधारून वेदना कमी झाल्याचे आढळले. २००५ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या १०१ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत मात्र चेन्नईतून पुढे आलेली, आसन व्यक्तीनुसार बदलणारी पद्धत होती. तेथे १२ आठवड्यांनंतर योगाचा गट नेहमीच्या व्यायामाच्या वर्गापेक्षाही दैनंदिन हालचालींत पुढे होता. २०११ मध्ये २२८ रुग्णांवर पुन्हा तशी चाचणी झाली, तेव्हा योग आणि स्ट्रेचिंगचे वर्ग समान ठरले. घरी पुस्तक वाचून काळजी घेणाऱ्यांपेक्षा मात्र दोन्ही गट सरस होते. २०१७ मध्ये बॉस्टन परिसरातील प्रामुख्याने अल्प उत्पन्न असलेल्या ३२० रुग्णांत योगाचे वर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचे ठरले.

याच वर्षी तो वादग्रस्त निर्णय आला. अमेरिकेतील अंतर्वैद्यकतज्ज्ञांच्या एका मोठ्या संघटनेने फेब्रुवारी २०१७ मध्ये कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. जुनाट कंबरदुखीत प्रथम औषधांविना उपचार निवडावेत आणि त्यांचा पुरेसा उपयोग न झाल्यासच औषधांकडे वळावे, असे त्यांत म्हटले होते. त्या उपचारांच्या यादीत योग होता. शिफारस ‘ठाम’ होती. तिच्यामागील योगाविषयीचा पुरावा मात्र त्याच दस्तऐवजात ‘कमी दर्जाचा’ म्हणून नोंदवलेला होता. या विसंगतीवर टीका झाली आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु पुराव्याचा दर्जा म्हणजे निष्कर्षाविषयीची खात्री, आणि शिफारशीचा ठामपणा म्हणजे लाभ व अपाय यांचा तोल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने अमेरिकेत लाखो कुटुंबे होरपळत असताना, मर्यादित पण अल्प धोक्याच्या उपायाला औषधाच्या आधी स्थान देणे हा विवेकी निर्णय होता, असे मला वाटते.

खरी अडचण निर्णयाच्या वापरात आहे. तो कंबरदुखीपुरता होता. तरी गुडघा, खांदा आणि मान यांच्यासाठीही त्याचा दाखला दिला जातो. गुडघ्याच्या झिजेसाठी अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ताई ची या चिनी व्यायामाची ठाम शिफारस केली, पण योगाची सशर्तच केली. शिवाय कंबरदुखीवरील त्या वर्गांत शिक्षक प्रशिक्षित होते, आसनांचा क्रम दुखणे डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला होता आणि ज्याला जमत नाही त्याला सोपा पर्याय दिला जात होता. मैदानात शेकडो लोकांना एकच क्रम करायला लावणाऱ्या कार्यक्रमाला तो पुरावा लागू होत नाही.

भारतात मात्र प्रसार त्याच दिशेने झाला. २०१४ मध्ये आयुषचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २१ जून २०१५ पासून आंतरराष्ट्रीय योगदिन सुरू झाला. त्यासाठी आखलेला सामाईक क्रम आरोग्यसंवर्धनाचा आहे, दुखण्यावरील उपचाराचा नाही. पुढे २०२० मध्ये भारतीय चिकित्सापद्धतींसाठी नवा केंद्रीय कायदा आला. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आहेत, योग नाही. त्यामुळे सांधेदुखीच्या रुग्णाला आसने कोणी शिकवावीत, हे त्या कायद्याने ठरत नाही.

२०२२ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील योगाच्या २१ चाचण्या आणि २,२२३ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योगाने हालचालींत व वेदनेत थोडी सुधारणा होते, पण ती वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय ठरण्याइतकी नाही. पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केल्यास फरक नगण्य आहे. आणि काही जणांची पाठदुखी योगानेच वाढते, असे त्यात नमूद आहे. त्या काही जणांना कोणती आसने, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या आधाराने दिली गेली होती, हे सरासरीच्या आकड्यांतून दिसत नाही.