पार्श्वभूमी : जुने प्रोग्रामर भाड्याच्या सॉफ्टवेअरवर का चिडतात

नाशिकमध्ये सॉफ्टवेअरच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या कुणालाही विचारा, तक्रारी ठरलेल्या असतात. साधं बिल काढायला इंटरनेट कशाला? दरवर्षी पैसे कशाबद्दल? काल चालणारा प्रोग्रॅम आज अपडेट झाल्यावर का अडतो? तरुण सहकारी याला वयाची कुरकुर म्हणून सोडून देतात. ही कुरकुर कुठून आली ते पाहायचं तर फॉक्सप्रोकडे, म्हणजे हिशोब-नोंदींचे प्रोग्रॅम लिहायच्या एका जुन्या अवजाराकडे, जावं लागतं.

मोठ्या कारखान्यांची गोष्ट वेगळी. सातपूर-अंबडचे जॉबवर्क करणारे, रविवार कारंज्याचे होलसेलवाले, लासलगावचे कांदा व्यापारी यांच्याकडे संगणक आला तो नव्वदच्या दशकात, डॉस (विंडोजच्या आधीची, कीबोर्डवर चालणारी प्रणाली) आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊन. फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहिणारा गावातलाच. कांद्याचा लिलाव झाला की वजन टाकायचं, भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा होऊन हिशोबपट्टी कार्बनसकट बाहेर. माउसला हात लावायचं कामच नाही. मुनीम पडद्याकडे न बघता एन्टर मारत सुटायचे. ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी समोर उभा असताना हा वेग फार कामाचा होता.

दुखणीही होती. वीज गेली की इंडेक्स फाइल (नोंदी शोधायची सूची) बिघडायची आणि लोडशेडिंगच्या काळात ती रोजच जायची. मग नोंद फाइलमध्ये असूनही शोधल्यावर सापडत नसे. उपाय एकच, रीइंडेक्स, म्हणजे ती सूची नव्याने बनवणं. शहाणे प्रोग्रामर तो मेनूतच देऊन ठेवायचे, म्हणजे रात्री-अपरात्री फोन येत नसे. शिवाय नोंदींच्या एका फाइलला, म्हणजे टेबलाला, 2 जीबीची मर्यादा होती, पण छोट्या दुकानदाराला तिथवर पोचायला जन्म गेला असता.

या सगळ्याचं अर्थकारण एका गोष्टीवर उभं होतं. पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे त्याच्या विंडोजवरच्या अवतारात, तर तयार केलेला प्रोग्रॅम कितीही गिऱ्हाइकांना द्या, प्रत्येक कॉपीमागे मूळ कंपनीला दमडी द्यावी लागत नसे. एकट्या माणसाचं घर त्यावर चालायचं. अर्थात मूळ फॉक्सप्रोच अनेकांकडे चोरीचं होतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

1992 मध्ये फॉक्सप्रो बनवणारी छोटी कंपनी एका अमेरिकी बलाढ्य कंपनीने विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती 2004 मध्ये आली आणि मार्च 2007 मध्ये जाहीर झालं की दहावी निघणार नाही. वाद आहे तो या निर्णयाचा. कंपनीचं म्हणणं तांत्रिक होतं: गाभा 32 बिटचा, तो 64 बिटवर न्यायचा तर जवळजवळ सगळं नव्याने लिहावं लागेल, आणि लक्ष आता डॉट नेट या कंपनीच्याच नव्या अवजारावर आहे. यात खोटं काही नव्हतं. पण ज्या कंपनीकडे स्वतःचा वेगळा, महागडा डेटाबेस विकायला होता, तिला हा स्वस्त आणि स्वयंपूर्ण भाऊ किती दिवस घरात हवा होता, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. स्पॅनिश भाषिक डेव्हलपरांनी सह्यांची मोहीम काढली. मागणी साधी होती: विकायचं नसेल तर सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) तरी खुला करा. कंपनीने काही जोड-अवजारं खुली केली. मूळ इंजिन कपाटातच राहिलं. जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला सपोर्टही संपला.

उत्तम चालणारं अवजार दूरच्या कुणीतरी बंद करायचं आणि आपण बघत राहायचं, हा धडा इथल्या प्रोग्रामरांना तेव्हा मिळाला. त्यांच्या गिऱ्हाइकाला मात्र तो आधीच मिळाला होता. सोर्स कोड प्रोग्रामरच्या हार्ड डिस्कवर, आणि प्रोग्रामर पुण्याला नोकरीला गेला की दुकानदार अडकला. फरक एवढाच, की त्या माणसाचं घर माहीत असायचं.

पुढचं सगळं भराभर झालं. 2013 मध्ये फोटो-डिझाइनच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरने कायमचा परवाना विकणं थांबवून भाडं सुरू केलं आणि बाकीचे त्या वाटेने गेले. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मग ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना), मग ई-इनव्हॉइस. ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वरच्या उलाढालीलाही ई-इनव्हॉइस लागू झालं. बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घ्यायचा म्हटल्यावर इंटरनेटविना बिलिंग हा हट्ट निदान या मंडळींना तरी सोडावा लागला. इथे जुन्यांची तक्रार लंगडी पडते. नियम वरचेवर बदलत असताना कुणीतरी सतत दुरुस्ती करत राहायला हवं, आणि त्याचे पैसे वर्षाचे वर्षालाच येणार.

जडपणाबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. सॉफ्टवेअर मंदावण्याचा वेग हार्डवेअर सुधारण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे, असं एका स्विस संगणकतज्ज्ञाने 1995 मध्येच लिहून ठेवलंय. त्याच वर्षी आलेल्या विंडोज 95 ला किमान 4 एमबी मेमरी लागायची, विंडोज 11 ला 4 जीबी लागते. हजारपट. हिशोबपट्टी तेवढीच आहे.

अपडेटच्या भीतीला 19 जुलै 2024 ने दुजोरा दिला. एका सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. तिच्या 32 बिट आवृत्तीत डॉसचे प्रोग्रॅम अजून उघडत होते. विंडोज 11 ची तशी आवृत्तीच नाही, त्यामुळे नवीन मशिन घेणाऱ्याला ते डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवून घ्यावे लागतात. 2007 मध्ये वाऱ्यावर सोडलेलं व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 मात्र विंडोज 11 वर चालतं.