वार्धक्य आणि मधुमेहाची औषधे (लठ्ठ प्राण्यांतील)

लठ्ठ प्राण्याला मधुमेहाच्या औषधाचा गुण किती येईल, हे औषधाइतकेच त्याच्या वयावर अवलंबून असते. सी५७बीएल/६जे वाणाच्या उंदराला ६ ते ८ आठवड्यांचा असताना ६० टक्के उष्मांक मेदातून देणारे खाद्य सुरू करायचे आणि १२ ते १६ आठवड्यांनी औषध तपासायचे, ही रूढ पद्धत. तेव्हा उंदीर जेमतेम चार ते साडेपाच महिन्यांचा, म्हणजे ऐन तारुण्यात असतो. म्हातारा म्हणायचा तो १८ ते २४ महिन्यांचा. इतके महिने पोसणे महाग पडते, म्हणून तो टाळला जातो.

वयाचा मोठा फटका स्वादुपिंडातील, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना बसतो. एक्झेनाटाइड हे मधुमेहाचे औषध दिल्यावर तरुण उंदरांत या पेशी विभागून वाढतात. वर्षभराच्या पुढे ही वाढ जवळपास थांबते. झेडडीएफ या जन्मतः लठ्ठपणा आणि मधुमेहाकडे झुकणाऱ्या मोठ्या उंदरांच्या (रॅट) जातीतील नरांत रोझिग्लिटाझोन, म्हणजे इन्शुलिनचा परिणाम वाढवणारे औषध, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू केले तर मधुमेह रोखता येतो. बीटा पेशी थकून इन्शुलिन उतरू लागल्यावर तेच औषध फिके पडते. रोझिग्लिटाझोनमुळे हाडेही झिजतात, आणि त्याची तऱ्हा वयानुसार बदलते: प्रौढ उंदरांत हाड बनणे मंदावते, म्हाताऱ्यांत हाड विरघळणे वाढते.

उलटी फसगतही होते. १९४९ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळेत सापडलेल्या, जनुकीय दोषामुळे लठ्ठ होणाऱ्या ओबी/ओबी उंदराची वाढलेली रक्तशर्करा बी६ (म्हणजे सी५७बीएल/६) वाणात १४ ते १६ आठवड्यांच्या सुमारास आपोआप उतरू लागते. त्याच वेळी औषध चालू असेल, तर वयाचे श्रेय औषधाला जाते. त्याच वयाचा, औषध न दिलेला गट सोबत नसेल तर असा प्रयोग निरुपयोगी.

मात्रेचा घोळ खाद्यातून औषध देताना होतो. खाद्यात ०.१ टक्का औषध असेल, तर रोज ३ ग्रॅम खाणाऱ्या ३० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम मिळते. मेदयुक्त खाद्य दाट असल्याने ५० ग्रॅमचा लठ्ठ उंदीर अडीच ग्रॅमच खातो असे धरले, तर त्याला ५० मिलिग्रॅमच. म्हणून रोजचे खाणे तोलावे, जमल्यास रक्तातील औषध मोजावे. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे बाहेर पडते, त्यामुळे वृद्ध प्राण्यात ते साचण्याची भीती असते. २०१३ च्या एका अभ्यासात साधारण वर्षभराच्या नर उंदरांना (हे लठ्ठ नव्हते) खाद्यात ०.१ टक्का मेटफॉर्मिन दिल्यावर आयुष्य थोडे वाढले. १ टक्का दिल्यावर मूत्रपिंडे निकामी होऊन ते घटले.

ग्लुकोज सहनशक्ती चाचणीत (ग्लुकोज देऊन रक्तातील साखर किती लवकर उतरते ते पाहतात) किलोमागे २ ग्रॅम ग्लुकोज द्यायची सवय लठ्ठ उंदराला जाचते. चरबीच्या वजनाचाही हिशेब लागून मात्रा फुगते. चरबी वगळून उरलेल्या वजनावर ती ठरवावी. म्हातारपणी स्नायू घटलेले असताना तर हे हवेच.

प्रयोगशाळेबाहेर हा प्रश्न मांजरांत दिसतो, कारण त्यांचा मधुमेह मुख्यतः लठ्ठ आणि उतारवयाच्या मांजरांना होतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळालेले बेक्साग्लिफ्लोझिन हे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे औषध आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजराला देत नाहीत: स्वतःचे इन्शुलिन अपुरे असल्यास साखर आटोक्यात दिसत असतानाही रक्तात कीटोनआम्ले (मेद जळताना तयार होणारी आम्ले) साचून जिवावर बेतू शकते. सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि यकृत तपासतात.